मुलाची एनएस: सिंगापूरमधल्या सक्तीच्या लष्करसेवेचा अनुभव

सिंगापूरमध्ये पीआरसाठी, म्हणजे कायम वास्तव्याच्या परवान्यासाठी अर्ज भरताना नवरा आणि मी एका अटीपाशी बराच वेळ थबकलो होतो. नोकरीच्या जोरावर ज्याला पहिल्यांदा पीआर मिळतं, त्याला लष्करसेवा माफ. पण त्याच्या अर्जात नाव घालून ज्या मुलाला पीआर मिळतं, तो अठरा वर्षांचा झाला की इथल्या नागरिकांच्या मुलांसारखाच दोन वर्षं गणवेशात जातो. आमचा मुलगा तेव्हा दुसरीत होता, पुढचे दोन दात पडलेले. 'तोवर कोणी पाहिलंय' म्हणत आम्ही सही केली. इथल्या भारतीय घरांत हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय, की ते अर्जाच्या तळाशी छापून टाकलं तरी चालेल.

या सेवेचं पूर्ण नाव नॅशनल सर्व्हिस, पण तोंडी सगळे एनएसच म्हणतात. बहुतेक मुलं सैन्यात जातात, काही पोलिसांत, काही अग्निशमन आणि नागरी संरक्षण दलात. कुठे जायचं ते सरकार ठरवतं.

माझं माहेर सातारा जिल्ह्यातलं. तिकडे लष्कराचा विषय निघाला की शब्द एकच, भरती. माझा मामेभाऊ भरतीसाठी वर्षानुवर्षं पहाटे डांबरी रस्त्यावर धावायचा. छाती फुगवून मापायची त्याला इतकी सवय झाली होती, की लग्नात शेरवानीचं माप देतानाही त्याने श्वास रोखून धरला. कधी धावण्यात मागे पडला, कधी वैद्यकीय तपासणीत, आणि शेवटी वय उलटलं. आमच्याकडे पोराला सरकार घरी नोटीस पाठवून बोलावतं आणि तो गेला नाही तर खटला होतो, हे त्याला फोनवर सांगितलं तेव्हा तो हसतच सुटला. "ताई, ती नोटीस इकडं पाठव की. गावातली निम्मी पोरं लायनीत उभी राहतील."

स्वतंत्र भारतात लष्करासाठी सक्ती कधी झालीच नाही. राज्यघटनेच्या कलम २३ मध्ये सार्वजनिक कामासाठी सक्तीची सेवा लावायला सरकारला वाव ठेवलेला आहे, पण सैन्यासाठी तो वापरायची वेळ आली नाही. दुसऱ्या महायुद्धात सुमारे पंचवीस लाखांचं हिंदी सैन्य उभं राहिलं, तेही कागदोपत्री स्वेच्छेनेच. पोट जाळतं तेव्हा स्वेच्छा किती उरते, हा प्रश्न वेगळा. गंमत अशी, की ब्रिटिशांनी १९१७ मध्ये हिंदुस्थानात लष्करी सक्तीचा कायदा केला तो फक्त तिथल्या गोऱ्या रहिवाशांसाठी. त्यामुळे आमच्या घरात सैनिकी पेशाचा आदर होता, गावात गणवेशातल्या फोटोंना हार होते. सक्तीची मात्र कुणाला ओळखच नव्हती.

पहिली ठेच लागली ती मुलगा तेरा वर्षांचा झाल्यावर. त्या वयापासून मुलाला दीर्घकाळ देशाबाहेर ठेवायचं तर एक्झिट परमिट काढावं लागतं. नुसत्या शिक्षणासाठी दोन वर्षं किंवा जास्त काळ पाठवायचं तर हमीची रक्कम लागते: ७५,००० सिंगापूर डॉलर किंवा आईवडिलांच्या एकत्रित वार्षिक उत्पन्नाच्या निम्मी, यांपैकी जी जास्त असेल ती. सासूबाईंची फार इच्छा होती की नातवाने आठवी ते दहावी त्यांच्याकडे राहून करावी. हा आकडा ऐकल्यावर त्यांनी तो विषय काढला नाही. "एवढ्या पैशांत तर मीच तिकडे येऊन राहीन," म्हणाल्या, आणि खरंच उन्हाळाभर येऊन राहिल्या.

मग साडेसोळाव्या वर्षी नोंदणीची नोटीस आली. पोर्टलवर जाऊन माहिती भरायची, आरोग्याचा लांबलचक तक्ता भरायचा, तपासणीची तारीख घ्यायची. काम तासाभराचं. पण त्या नोटिशीनंतर घरात जेवताना दुसरा विषय म्हणून नव्हता.

सोडून द्यायचा रस्ता होता. मुलाचं पीआर परत करायचं आणि त्याला थेट अमेरिकेला किंवा ऑस्ट्रेलियाला शिकायला पाठवायचं. आमच्या ओळखीतल्या बऱ्याच घरांनी तेच केलं आणि मी त्यांना नावं ठेवत नाही. सरकारही लपवाछपवी न करता सांगतं: सेवा न करता पीआर सोडलं तर पुढे इथे शिकायला किंवा नोकरीला यायचा अर्ज केल्यास त्यावर वाईट परिणाम होईल, आणि आईवडिलांच्या परवान्याच्या नूतनीकरणावरही होऊ शकेल. याउलट पीआर ठेवायचं आणि हजर व्हायचं नाही, हा गुन्हा. शिक्षा १०,००० डॉलरपर्यंत दंड, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन्ही.

मंडळाच्या गणपतीत आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत हीच चर्चा. एक काका म्हणायचे, दोन वर्षं फुकट. त्याच वयाच्या मुली पुढे निघून जातात, आणि आपली पोरं चिखलात लोळतात. दुसऱ्या एक मावशी म्हणायच्या, माझा लेक अंथरुणाची घडी घालायला तिथेच शिकला. दोघांचंही खरं होतं, त्यामुळे निर्णयाला दोघांचाही उपयोग नव्हता.

आमच्या मजल्यावर एक चिनी वंशाचे अंकल राहतात. निवृत्त आहेत, रोज संध्याकाळी कॉरिडॉरमधल्या कुंड्यांना पाणी घालतात. त्यांनी मला लिफ्टपाशी सरळच विचारलं, "तुझा मुलगा आत जाणार की पळणार?" प्रश्नात राग नव्हता, नुसती चौकशी. पण 'पळणार' हा शब्द मला लागला. मग ते स्वतःबद्दल बोलले. सत्तरच्या दशकात ते गेले तेव्हा त्यांची आई दारात बसून रडली होती. चिनी घरांत जुनी म्हण आहे, चांगल्या लोखंडाचे खिळे करत नाहीत आणि चांगल्या मुलाचा शिपाई करत नाहीत. आणि आता? "आता माझ्या नातवाची आई बॅग भरून देते," अंकल म्हणाले. "पण कोणाचा मुलगा गेला नाही ते मात्र बरोबर लक्षात ठेवते."

त्या एका वाक्याने मला वाचायला बसवलं. इथल्या नॅशनल लायब्ररीने जुनी वर्तमानपत्रं ऑनलाइन ठेवली आहेत. रात्री जेवणं आटपली की मी ती चाळत बसायचे.

सिंगापूरकर पूर्वीपासूनच शिस्तीचे आणि सांगितल्या कामाचे, असं आपल्याला वाटतं. १९५४ मध्ये याच शहरात सक्तीच्या नोंदणीवरून दंगल झाली होती. ब्रिटिश सरकारने तरुणांना नोंदणीचा हुकूम काढला. १३ मे रोजी चिनी माध्यमाच्या शाळांतले विद्यार्थी निषेधासाठी जमले, पोलिसांशी झटापट झाली, मुलं जखमी झाली, अटका झाल्या. ज्यांच्या हाती राज्य नाही त्यांनी राज्यकर्त्यांसाठी बंदूक का धरायची, हा त्यांचा मुद्दा होता आणि तो खोडून काढणं अवघड होतं. ती योजना पुढे फारशी चाललीच नाही.

आणि १९६७ मध्ये, अवघ्या तेरा वर्षांनी, त्याच शहरात सक्ती लागू होते आणि टिकते. मधल्या काळात ९ ऑगस्ट १९६५ ला मलेशियातून वेगळं होऊन हे चिमुकलं बेट एकटं पडलं होतं. पायदळाच्या जेमतेम दोन बटालियन, पिण्याचं पाणी मलेशियातल्याच जोहोर राज्यातून. पंतप्रधान ली क्वान यू यांनी आधी भारताकडे आणि इजिप्तकडे मदत मागितली. लालबहादूर शास्त्रींनी शुभेच्छा कळवल्या, लष्करी सल्लागार नाही पाठवले. मग इस्राएलचे अधिकारी आले. शेजारी मुस्लिम देश बिथरू नयेत म्हणून त्यांना 'मेक्सिकन' म्हणायची चाल पडली. संरक्षणमंत्री गोह केंग स्वी हे मुळात अर्थशास्त्रज्ञ. पगारी सैन्य परवडणार नाही, हा हिशेब त्यांनी संसदेपुढे मांडला आणि मार्च १९६७ मध्ये कायदा संमत झाला. पहिल्या फेरीत सुमारे ९,००० तरुणांची नोंदणी झाली, त्यातल्या थोड्यांनाच पूर्णवेळ सेवेसाठी निवडलं आणि ऑगस्टमध्ये ते दाखल झाले. पुढच्याच जानेवारीत ब्रिटनने जाहीर केलं, की १९७१ च्या अखेरीपर्यंत आम्ही इथला तळ हलवणार. मग विरोधकांकडेही फार बोलायला राहिलं नाही.

त्या पहिल्या तुकड्यांसाठी वस्त्यावस्त्यांतल्या समाजकेंद्रांत निरोपाची जेवणावळ घातली जायची, पुढारी यायचे, हार घालायचे. मला ते फोटो बघून हसू आलं, आपल्याकडच्या सत्कारांसारखेच. पण त्या रडणाऱ्या आयांना वाजतगाजत सांगणं भागच होतं, की तुमचा मुलगा खिळा झालेला नाही.

दुसऱ्या देशांचंही वाचत गेले तसं एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर यायला लागली. सक्तीवर लोक चिडतात, पण त्याहून जास्त चिडतात ते सुटणाऱ्यांवर. अमेरिकेच्या यादवीत ३०० डॉलर भरले की नाव वगळलं जायचं. १८६३ च्या जुलैत न्यूयॉर्क पेटलं, गरिबांनी विचारलं, आमच्या जिवाची किंमत ३०० डॉलर का? आणि राग काढला तो शहरातल्या कृष्णवर्णीयांवर, ज्यांचा त्यात काडीचा दोष नव्हता. फ्रान्समध्ये तर बदली माणूस विकत घेऊन पाठवायची सोय एकोणिसाव्या शतकात कित्येक वर्षं कायदेशीर होती. पैसा नसलेले पुढचे दात उपटून घ्यायचे, कारण काडतूस दातांनी फाडावं लागे आणि बिनदाताचा शिपाई निरुपयोगी. व्हिएतनाम युद्धाच्या वेळी अमेरिकेत कॉलेजात नाव असलेल्यांना मुदत मिळायची. ओरड झाली तेव्हा डिसेंबर १९६९ मध्ये जन्मतारखांच्या चिठ्ठ्या काढल्या, आणि १९७३ मध्ये अमेरिकेने सक्ती गुंडाळलीच.

सिंगापूरच्या सरकारला हे पक्कं ठाऊक आहे, असं माझं मत झालं. इथल्या एनएसचं सगळं वजन 'कोणी सुटत नाही' या एका गोष्टीवर उभं आहे. त्याला तडा गेला की लोक खवळतात. मेल्विन टान हा नामवंत पियानोवादक लहानपणी इंग्लंडला शिकायला गेला, तिकडचाच झाला, सेवा केली नाही. २००५ मध्ये तो परतला तेव्हा फक्त दंडावर सुटला, आणि इतकी बोंब झाली की पुढच्या वर्षी दंडाची कमाल मर्यादा ५,००० वरून १०,००० डॉलर झाली. २००३ मध्ये संसदेत कबुली द्यावी लागली, की बड्या लोकांच्या मुलांच्या नोंदीवर 'व्हाइट हॉर्स' असा शेरा मारला जात असे. सरकारचं म्हणणं, त्यांना सवलत मिळू नये म्हणून तो शेरा होता आणि २००० मध्येच ती पद्धत बंद झाली. कॉफीच्या टपरीवर या खुलाशावर कोणी विश्वास ठेवला असेल असं वाटत नाही. २०११ मध्ये एका जवानाच्या पाठीवरची बॅग घरची मोलकरीण घेऊन मागे चाललीय, असा फोटो पसरला. त्यावरही देशभर चर्चा.

एका बाबतीत मात्र 'सगळे' हा शब्द खोटा होता, आणि ते वाचून मी बराच वेळ अस्वस्थ होते. सुरुवातीच्या वर्षांत मलय तरुणांना बहुतांशी बोलावलंच गेलं नाही. शेजारच्या मलय देशांशी लढायची वेळ आली तर त्यांची निष्ठा कुठे, ही शंका. बोलावणंही नाही आणि माफीचा कागदही नाही, त्यामुळे मालक त्यांना कामावर ठेवायला कचरायचे, न जाणो उद्या नोटीस यायची. आम्ही ज्यातून सुटायची वाट शोधत होतो त्यातून वगळलं जाणं हा कुणाच्या तरी घरात अपमान होता. हे मी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "मग आता मुलालाच विचारूया ना." इतके दिवस आम्ही त्याच्या डोक्यावरून बोलत होतो.

मुलाने उत्तर द्यायला एक आठवडा घेतला. मग म्हणाला, माझे सगळे मित्र इथे आहेत, मी परत आलो की त्यांना काय सांगू? देशप्रेम वगैरे शब्द आले नाहीत. मला ते बरं वाटलं.

वैद्यकीय तपासणी डेपो रोडवरच्या केंद्रात झाली. रक्त, छातीचा एक्सरे, ईसीजी, दात, कान, रंगीत ठिपक्यांतला आकडा ओळखायची ती पुस्तिका, आणि संगणकावरची बुद्धिमापन चाचणी. शेवटी पीईएस म्हणून दर्जा मिळतो. ए आणि बी१ म्हणजे लढाऊ कामाला तंदुरुस्त, पुढे बी२, बी३, बी४, सी, ई असं उतरत जातं. मुलाला लहानपणी दम्याचा त्रास होता. जुने कागद होते, ते जोडणं भागच होतं, आणि जोडताना माझ्या मनात काय होतं ते इथे लिहिलं नाही तरी आयांना कळेल. दुखणं फुगवून सांगणाऱ्याला इथे 'चाओ केंग' म्हणतात आणि मुलांच्या जगात त्याहून मोठी शिवी नाही. डॉक्टरांनी फुप्फुसांची वेगळी चाचणी करायला लावली. निकाल स्वच्छ. बी१ मिळाला तेव्हा पोरगा दहावीच्या निकालाला नव्हता एवढा खूश होता. मी शिरा केला, पण गप्पच होते.

ते दिवसही घाबरवणारे होते. २०१८ मध्ये उष्माघाताने आणि नंतर इतर अपघातांत काही तरुण सैनिक दगावले होते. २०१९ च्या जानेवारीत सरावांचा जोर कमी करून सुरक्षेची उजळणी झाली. आमचा मुलगा त्याच वर्षी एप्रिलमध्ये दाखल झाला. सरावाआधी सगळ्यांना एकत्र उभं करून पाणी प्यायला लावतात, त्याला 'वॉटर परेड' म्हणतात. हवेतला उष्मा मोजून किती वेळ काम आणि किती विश्रांती ते ठरवतात. हे सगळं मी आधीच वाचून ठेवलं होतं. वाचल्याने धाकधूक कमी होत नाही, फक्त तिला तपशील मिळतात.

हजर व्हायच्या दिवशी पासिर रिसहून बस, मग चांगीच्या धक्क्यावरून फेरीने पुलाव टेकाँग. हे बेट म्हणजे नवशिक्यांचं प्रशिक्षण केंद्र. पालकांना सोबत नेतात, ही पद्धत मला फार शहाणपणाची वाटली. आधी बराक दाखवतात. लोखंडी पलंग, ताणून बसवलेली चादर, कपाटात कोणती वस्तू कुठल्या कोपऱ्यात ठेवायची त्याचा नमुना. दात घासायचा ब्रश कुठल्या बाजूला तोंड करून ठेवायचा, तेसुद्धा ठरलेलं. माझ्या घरात ज्याचा मोजा आयुष्यात जोडीने सापडला नाही, तो ते कपाट बघून गंभीर झाला.

मग सभागृह. मुलांची ओळखपत्रं जमा करून घेतली. नागरिकांचं कार्ड गुलाबी, पीआरचं निळं. दोन्ही एकाच पेटीत गेली आणि सगळ्यांना '११बी' नावाचं सारखंच लष्करी कार्ड मिळालं. आमच्या पुढच्या रांगेत एक मलय कुटुंब होतं, आजी सोबत आलेली, तिने मला तिच्याकडची लिमलेटची गोळी दिली. उजवा हात वर करून मुलांनी शपथ घेतली. आवाज बेतास बात. सार्जंटने पुन्हा घ्यायला लावली, तेव्हा भिंती हलल्या.

जेवण कूकहाउसमध्ये, मुलांसोबत, तेच ताट. इंडियन व्हेजची वेगळी खिडकी होती. डाळ चांगली होती, हे मी सासूबाईंना फोन करून आवर्जून कळवलं. जेवण झाल्यावर मुलांना एका दाराने नेतात, पालकांना दुसऱ्या. जेमतेम विशीतला तो सार्जंट मला म्हणाला, "मम्मी, काळजी करू नका." माझ्या मुलाहून फार तर वर्षा-दोन वर्षांनी मोठा असेल. त्याच्याच आईची मला दया आली.

पहिले दोन आठवडे घरी सोडत नाहीत. रात्री थोडा वेळ फोन हातात देतात. आमचं बोलणं असं: जेवलास का, जेवलो, झोप होते का, होते, आवाज का बसलाय, ओरडून. पहिल्यांदा 'बुक आउट' होऊन, म्हणजे सुट्टीवर घरी, आला तेव्हा डोकं भादरलेलं, मान उन्हाने काळी-तांबूस, आणि वरणभात चार मिनिटांत संपवून ताट धुवायला उठला. मग पलंगावर आडवा झाला तो दुसऱ्या दिवशी दुपारीच हलला. त्याच्या खोलीत तंत्रनिकेतनात शिकलेली मुलं होती, एक हॉटेलात वाढप्याचं काम करून आलेला, एक थेट नामांकित ज्युनिअर कॉलेजातला. आंतरराष्ट्रीय शाळेत शिकलेल्या आमच्या मुलाला इतकी वर्षं राहूनही हे सिंगापूर दिसलं नव्हतं. त्याला पहिल्या रात्री विचारलेला प्रश्न: "तू पीआर असून आलास? वेडा आहेस का?" म्हणजे ज्यांच्या देशासाठी आम्ही एवढा खल केला, त्यांच्याच पोरांचं हे मत. सर्वेक्षणांत नव्वद टक्क्यांहून जास्त लोक एनएस गरजेची म्हणतात, आणि ते खोटं बोलत नसावेत. गरजेची मानणं आणि पहाटे साडेपाचला उठणं, यांतलं अंतर मुलं शिव्या देऊन कापतात. होक्कियन या चिनी बोलीतल्या त्या शिव्या आमच्याही घरी आल्या.

जंगलातल्या शिबिराआधी पालकांना एक पत्र लिहून द्यायला सांगतात. मुलांना ते आधी कळू देत नाहीत. दिवसभर खड्डे खणून, अंघोळीऐवजी पावडर चोपडून मुलं बसली की अंधारात ती पत्रं वाटतात. मी इंग्रजीत सुरुवात केली, पण वाक्यं ऑफिसच्या मेलसारखी यायला लागली. मराठीत लिहिलं. काय लिहिलं? धाकटीने तुझी खुर्ची बळकावली आहे, आजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, मामा विचारतो छाती किती भरली. नंतर त्याने सांगितलं, की सगळे रडत होते. त्याला देवनागरी वाचायला वेळ लागतो, त्यामुळे इतरांचं रडून झालं तरी तो अजून आजीच्या डोळ्यांपाशीच होता. शेजारच्याने टॉर्च धरला आणि विचारलं, एवढं काय लिहिलंय तुझ्या आईने?

बेटावरचं शिक्षण संपतं ते २४ किलोमीटरच्या चालीने, पाठीवर पूर्ण ओझं आणि हातात एसएआर २१ रायफल. त्या वर्षी ही चाल मरीना बेच्या तरंगत्या व्यासपीठावर संपायची. आम्ही पहाटेच जाऊन बसलो होतो. टोप्या हवेत उडाल्या, नवऱ्याने डोळे पुसले आणि घाम आल्याचं सांगितलं. पोराच्या टाचांची सालं निघाली होती.

पुढे त्याला सिग्नल्समध्ये, म्हणजे संदेशवहनाच्या विभागात, घातलं. त्याबद्दल सांगण्यासारखं कमी आहे, कारण त्याला सांगायची परवानगी कमी आणि कंटाळा जास्त. पहारा, यंत्रांची यादी, पुन्हा पहारा. २०२० च्या जानेवारीत कोविड आला तेव्हा सरकारने घरटी चार मास्क वाटायचं ठरवलं. १३ लाख घरं, ५२ लाख मास्क, आणि ते पाकिटांत भरायला दीडेक हजार सैनिक बसवले. त्याच्या मते सगळ्या सेवेत हेच काम सर्वात उपयोगी झालं, कारण त्यातलं एक पाकीट आपल्याच घरी आलं. शारीरिक चाचणी आधीच चांगली दिल्यामुळे त्याला दोन महिन्यांची सूट होती, बावीस महिन्यांत तो सुटला. निळं कार्ड परत हातात आलं. नागरिकत्व घ्यायचं की नाही, हे त्याने अजून ठरवलेलं नाही. भारताचा पासपोर्ट सोडावा लागेल आणि तो निर्णय त्याला घाईत घ्यायचा नाही. सेवाही तशी पूर्ण संपत नाही, पुढे दहा वर्षांचं राखीव चक्र असतं, वर्षाला ४० दिवसांपर्यंत बोलावू शकतात.

या सगळ्यात धाकटीचा एक प्रश्न राहूनच गेला. मुलींना का नाही? माझ्या ऑफिसातली स्वीडिश सहकारी सांगते, त्यांच्याकडे २०१० मध्ये सक्ती बंद केली होती, २०१७ मध्ये परत आणायचं ठरलं तेव्हा मुलामुलींना सारखीच लावली. नॉर्वेने ते आधीच केलं होतं. इथे मुलींना आणि आमच्यासारख्या पहिल्या पिढीच्या पीआरना हवं तर स्वयंसेवक दल आहे. धाकटी म्हणते, स्वयंसेवक म्हणजे मनात आलं तर, मग दादाला कसं मनात नसताना? तिच्या दादाचं म्हणणं, तू खुशाल माझ्या जागी जा, माझी हरकत नाही. हे भांडण अजून मिटलेलं नाही, आणि मी मध्ये पडत नाही.

हल्ली भारतातून नव्याने आलेली कुटुंबं आमच्याकडे विचारायला येतात. मुलगा लहान असतो, बापाला पीआर हवं असतं, आईचा चेहरा उतरलेला असतो. मी त्यांना तारखा सांगते: तेराव्या वर्षी परमिट, साडेसोळाव्या वर्षी नोंदणी, आणि काय ते त्याआधी ठरवा, नंतर रस्ते अरुंद होत जातात. घ्या किंवा घेऊ नका असं सांगत नाही. आमचा मुलगा घरी असेल तर मी त्याच्याकडे बोट दाखवते. आईवडील त्याला विचारतात, तिथे त्रास फार होतो का, भाषेचं काय, खायचं काय. त्यांच्याबरोबर आलेला आठ-दहा वर्षांचा मुलगा एकच विचारतो, खरी बंदूक देतात का? "देतात," आमचा सांगतो, "आणि मग ती रोज पुसायला लावतात."